चारोळीचं झाड: ओळखू या, लावू या

दिवाळीला, गुढीपाडव्याला बासुंदी किंवा श्रीखंड केलं की वरून चिमूटभर चारोळी टाकायची आपली रीत आहे. चिमूटभरच, कारण महाग. शहरातल्या दुकानात तिचा किलोचा भाव हजाराच्या वर असतो. गंमत अशी, की बदाम काय, अक्रोड काय, दूरच्या मुलखातून येतात, पण चारोळी आपल्या रानातली. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, इकडे मेळघाट आणि सातपुडा, जिथे जिथे कोरडं पानझडीचं जंगल आहे तिथे तिथे हे झाड आहे. आपल्या आज्यांनी त्याची फळं ओंजळीनं खाल्ली. आज मात्र बचत गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, की तुमच्या शिवारात चाराची झाडं किती, तर बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं, "होती ताई, आता बोटावर मोजण्याइतकी उरली." म्हणून आजचं बोलणं या झाडावर.

आधी नावाचा गोंधळ सोडवू. झाडाला आणि त्याच्या काळ्या फळाला आपण चार म्हणतो. फळातल्या टणक बीच्या आत जो मऊ गर निघतो तो चारोळी. छत्तीसगडकडचा व्यापारी त्यालाच चिरोंजी म्हणतो आणि न फोडलेल्या बीला गुठली. शास्त्रीय नाव बुकॅनानिया लान्झान. ते पाठ करायची गरज नाही, पण रोपवाटिकेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करताना कागदावर लिहून नेलं तर समोरचा माणूस दुसरंच रोप हातात देणार नाही. आंबा, काजू आणि बिब्बा ही या झाडाची भावंडं, सगळी एकाच कुळातली.

आता ओळख. फळं लागलेली असताना चार कोणीही ओळखेल. खरी परीक्षा पावसाळ्यात, फळ नसताना. तेव्हा आधी सालीकडे बघायचं. चाराच्या जुन्या झाडाची साल काळपट करडी, जाड आणि चौकोनी चौकोनी भेगांची असते, मगरीच्या पाठीसारखी. पण एवढ्यावर विसंबायचं नाही, कारण ऐनाची सालही तशीच भेगाळते आणि तेंदूची तर त्याहून काळी. आपल्या रानात ही तिन्ही झाडं शेजारी शेजारी उभी असतात, त्यामुळे नवीन पोरी हमखास फसतात.

म्हणून पान हातात घ्या. चाराचं पान जाड, चिवट, साधारण वीतभर लांब आणि टोकाला बोथट असतं. कधी कधी टोकाला छोटीशी खाच असते. पान उलटं केलं की मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना सरळ, समांतर शिरा निघालेल्या दिसतात, कंगव्याच्या दातांसारख्या. एका बाजूला दहा-वीस तरी. कोवळ्या पानाच्या मागे बारीक लव असते. पानं फांदीवर एकाआड एक येतात. ऐनाचं पान उलटं केलं तर देठाजवळ, मधल्या शिरेच्या बुडाशी, बारीक गाठी दिसतात. चाराला त्या नसतात. ऐनाचं फळ तर पाच पंखांचं, सुकलेलं, त्याचा आणि चाराचा काही संबंध नाही. तेंदूचं पान आपल्याला वेगळं सांगायला नको, उन्हाळाभर आपण त्याचेच पुडे बांधतो.

बिब्ब्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. बिब्ब्याचं पान चारापेक्षा खूप मोठं, हातभर लांबही होतं, आणि मागून राखाडी दिसतं. फळ काळं, पण ते नारिंगी बोंडावर बसलेलं असतं. त्याच्या कवचातलं तेल अंगाला लागलं की फोड येतात. ज्या बाया गोडंबी फोडतात त्यांचे हात पाहिलेत ना? तेव्हा झाडाची खात्री नसेल तर साल खरवडून, डहाळी मोडून बघू नका. आणि बघायची खोड असलेल्या पोरासोरांनाही करू देऊ नका.

चाराला जानेवारी ते मार्चच्या दरम्यान फांद्यांच्या शेंड्याला मोहोर येतो, आंब्यासारखाच तुरा, फुलं अगदी बारीक, हिरवट पांढरी. त्यानंतर हिरवी फळं धरतात. ती पिकायला एप्रिलची अखेर, मे उजाडतो. पिकलेलं फळ वाटाण्याएवढं किंवा जरा मोठं, जांभळट काळं आणि गोड-आंबट. ते पाखरंही खातात आणि अस्वलही. चार वेचायला भल्या पहाटे एकटीनं जायचं नाही, चौघी-पाच जणींनी बोलत, आवाज करत जायचं, हे आपल्या घरच्या मोठ्या बायकांनी सांगितलेलंच आहे. तरी पुन्हा सांगतो.

आता मुद्द्याचं. ही झाडं कमी का झाली? जंगल तुटलं, वणवे लागले, हे खरंच आहे. पण चाराच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या हातातलं आहे. फळं पिकायच्या आधीच तोडली जातात. मार्च-एप्रिलमध्ये फळ हिरवं असताना फांदीच खाली पाडायची, काही ठिकाणी तर अख्खं झाड आडवं करायचं, आणि फळं ओरबाडून घरी न्यायची. का, तर "आपण नाही तोडलं तर दुसरी तोडेल." हे वाक्य आम्ही इतक्या गावांत ऐकलंय की ते कोणा एकीचं राहिलेलं नाही. आणि ते खोटंही नाही. एकटी बाई थांबली तर तिचं नुकसानच होतं. तिनं पिकायची वाट बघावी आणि पलीकडच्या टोल्यातल्या बायांनी येऊन झाड रिकामं करावं, असं होतंच. म्हणून कोणा एका बाईला दोष देऊन हे सुटणार नाही.

पण हिरवं तोडल्यानं नेमकं काय जातं ते एकदा डोळ्यांनी बघा. यासाठी एक साधा प्रयोग गटात करता येतो. हिरव्या फळांची वाळलेली बी एक किलो घ्या आणि झाडावर काळ्या झालेल्या फळांची वाळलेली बी एक किलो घ्या. दोन्ही वेगवेगळ्या फोडा आणि आतला गर तराजूत टाका. हिरव्याचा गर वाळल्यावर सुरकुततो, पातळ पडतो, काही बिया तर पोकळच निघतात. पिकलेल्याचा गर भरलेला, गोल, पिवळसर तपकिरी. त्यात निम्म्याहून जास्त वजन तेलाचं असतं. हे तेल शेवटच्या दिवसांतच भरतं, म्हणून घाईनं तोडलं की वजनही गेलं आणि चवही गेली. व्यापारी हे चांगलं ओळखतो. माल मुठीत घेऊन हलवला की त्याला कळतं, आणि मग तो सगळ्याच मालाला हलका भाव सांगतो, पिकलेल्यालासुद्धा.

दुसरं नुकसान तराजूत दिसत नाही. अर्धकच्ची बी उगवत नाही. रानात पडलेल्या पिकलेल्या बियांमधून जी रोपं यायला हवीत, ती येतच नाहीत. जुनी झाडं म्हातारी होतात आणि मागे पोरंबाळं नाहीत, अशी चाराची अवस्था. फांदी तोडली तर पुढची दोन-तीन वर्षं त्या बाजूला नीट फळ धरत नाही ते वेगळंच.

उपाय एकटीचा नाही, गावाचा आहे. तोडणीची तारीख गावानं ठरवायची. काही जणी म्हणतात, आमचं कोण ऐकणार? पण वनहक्क कायदा, 2006 नुसार पिढ्यानपिढ्या गोळा करत आलेल्या गौण वनउपजावर तिथल्या वनहक्कधारकांची मालकी आहे, आणि जंगल राखायचे नियम करायचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला, तो देशातल्या पहिल्या दाव्यांपैकी एक होता. म्हणजे ग्रामसभेत ठराव घ्या, की काळी फळं दिसल्याशिवाय चार तोडायचा नाही, कुऱ्हाड लावायची नाही. शेजारच्या गावालाही त्या बैठकीला बोलवा. ते नसतील तर ठराव कागदावरच राहतो, कारण जंगलाला कुंपण नसतं आणि दोन्ही गावांच्या बाया एकाच झाडाखाली येतात. दवंडी दिली तर फारच बरं.

तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, झाड बघून ठरवा. चार-पाच झाडांची फळं आणा, बी फोडा. आतला गर पाणचट, दुधाळ असेल तर थांबा. घट्ट, भरलेला असेल आणि फळांचे घोस काळे पडायला लागले असतील तर तोडणी सुरू करा. तोडताना बांबूच्या काठीला आकडा लावून फक्त घोस ओढायचा, खाली जुन्या साड्या किंवा जाळी पसरायची. शेंड्यावरची फळं राहू द्या. ती पाखरांची, आणि पुढच्या झाडांची.

मोहाचा विषय यातच येतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची सवय आहे. ती आग मोहाखालीच थांबत नाही, सरकत जाते, आणि गेल्या पावसाळ्यात उगवलेलं चाराचं बोटभर रोप त्यात जळून जातं. कोणाला दिसतही नाही, कारण इतकं लहान रोप कोण बघतं? पाला झाडून बाजूला करा किंवा जाळी बांधा. झाडायला कष्ट जास्त पडतात, हे आम्हाला मान्य आहे. पण जाळी गटानं एकदा घेतली की पुढची काही वर्षं ती पुरते आणि फुलंही स्वच्छ मिळतात.

आता लागवड. चाराची जमीन म्हणजे मुरमाड, लाल, दगडगोट्यांची, उताराची. जिथे धान होत नाही तिथे चार होतो. फक्त पाणी साचता कामा नये. बांधीच्या आत लावू नका, बांधाच्या वरच्या बाजूला, पडीक उतारावर, गावाच्या सामूहिक वनजमिनीवर लावा.

बी कुठून घ्यायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्या झाडाला दर वर्षी भरपूर आणि टपोरी फळं येतात, ते झाड मोहोरावर असतानाच हेरून ठेवा, खोडाला चिंधी बांधा. त्याची पूर्ण काळी फळंच बियाण्यासाठी घ्या. त्याच दिवशी पाण्यात चोळून गर काढा, राख किंवा वाळू लावून चोळलं की बी स्वच्छ होते. गर राहिला तर बुरशी धरते आणि सगळं वाया जातं. मग स्वच्छ पाण्यात टाका. तरंगणारी बी पोकळ, ती फेका. बुडालेली सावलीत वाळवा. कडक उन्हात नको.

ही बी घरात वर्षभर ठेवून पुढच्या साली पेरू, असा विचार करू नका. खायच्या चारोळीसाठी न फोडलेली बी वर्षभर टिकते, पण उगवायची ताकद लवकर कमी होते. मेमध्ये काढली की जूनमध्ये पेरली पाहिजे.

आणि इथेच बरेच जण निराश होतात. शंभर बिया पेरल्या, मोजकीच रोपं आली. कारण कवच. आतल्या कोंबाला ते फोडता येत नाही. बी नीट बघा, तिला मध्ये एक शिवण असते, दोन अर्ध्या वाट्या जोडल्यासारखी. बी शिवणीवर उभी धरून लहान हातोडीनं किंवा दगडानं हलकेच टिचकी मारली की शिवण जरा उकलते. आतल्या गराला इजा झाली नाही पाहिजे. जात्यात किंवा यंत्रात फोडायचा प्रकार हा नव्हे, एकेका बीचं नाजूक काम आहे. ज्या बायांचे हात गोडंबी फोडून सरावलेत त्यांना हे पटकन जमतं. उकललेली बी एक रात्र पाण्यात भिजवायची आणि सकाळी पेरायची.

चाराचं सोटमूळ सरळ खोल जातं, म्हणून पिशवी उंच घ्या, निदान नऊ-दहा इंचांची. माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून भरा. एका पिशवीत दोन बिया, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नाही. वरून विरळ सावली आणि झारीनं पाणी. काही बिया पंधरा-वीस दिवसांत वर येतात, काही महिना उलटला तरी रुसून बसतात, पिशव्या ओतून टाकायची घाई करू नका. पाणी मात्र जास्त झालं की रोप कुजतं. खाली जमिनीत मूळ घुसू नये म्हणून पिशव्या मधूनमधून जागेवरून हलवा.

रोप पहिल्या वर्षी हळू वाढतं. पुढच्या पावसाळ्यात, पहिला चांगला पाऊस झाला की लावायचं. दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यायचा. दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर. पिशवी काढताना मुळाची माती फुटू देऊ नका, हे झाड उपटून लावलेलं सहन करत नाही. लांबच्या जागी पिशव्या नेणं शक्य नसेल तर खड्ड्यातच जूनमध्ये तीन-चार उकललेल्या बिया पेरा आणि जे रोप जोमदार ते ठेवा. मुळाला धक्का लागत नाही, हा त्याचा फायदा. शेळ्यांपासून काट्याचं कुंपण आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी, एवढं तरी हवंच.

आणखी एक सोपी वाट आहे, ती लोकांच्या लक्षात येत नाही. जुन्या चाराच्या मुळांवरून आजूबाजूला फुटवे येतात. त्यांना गवत समजून कापलं जातं. तिथे काटे टाकून दोन-तीन फुटवे राखले तर रोप विकत आणायची गरजच नाही. पण ते खणून दुसरीकडे न्यायच्या फंदात पडू नका, आहे तिथेच वाढू द्या.

फळ कधी येणार? बीपासून लावलेल्या झाडाला आठ-दहा वर्षं लागतात. हे ऐकून बैठकीत शांतता पसरते, आम्हाला माहीत आहे. कलमी झाडाला मात्र चार-पाच वर्षांत फळ धरतं. बीपासूनच्या रोपावर चांगल्या झाडाची कोवळी काडी बसवून कलम करता येतं, आंब्याचं कलम करतात तसंच. गुजरातमध्ये गोध्र्याजवळच्या केंद्रीय बागायती प्रयोग केंद्रानं चारोळीची 'थार प्रिया' ही निवडक जात काढली आहे. आपल्या भागात आंब्याची कलमं बांधणारा माळी असेल तर त्याला गटात बोलवा. दोन-तीन पोरींनी हात बसवला तर गावातल्या गावात रोपवाटिका उभी राहते.

आता पैशाचं. केंद्र सरकारच्या गौण वनउपजाच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत चारोळीची बी आहे. 2020 मध्ये तिचा दर किलोला 126 रुपये होता. विकायच्या आधी चालू वर्षाचा दर आदिवासी विकास महामंडळाच्या कार्यालयात विचारून घ्या आणि फळ्यावर लिहा. बस्तरकडे एके काळी चारोळी देऊन मीठ घ्यायची पद्धत होती, वजनाला वजन. आज तसं उघड कोणी करत नाही, पण पायलीनं मोजून घेणं, उसनवारीत वळती करणं चालूच आहे. गटाचा स्वतःचा तराजू असू द्या.

बी विकायची की फोडून विकायची, याचा हिशेब गटानं करावा. समजा पाच किलो बी फोडून एक किलो चारोळी निघाली. पाच किलोचे 126 च्या दरानं 630 रुपये होतात. चारोळीचा भाव हजाराच्या वर आहे. मधला फरक हा फोडणीच्या मजुरीचा आणि वेळेचा. तुमच्या बीतून किती निघते ते तुम्हीच मोजा, कारण तिथेच हिशेब बदलतो. फोडायच्या आधी बी रात्रभर भिजवून गोणपाटावर घासली की वरची काळी साल निघते. मग वाळवून जात्यात, पाळी जरा उचलून, हलक्या हातानं फिरवायची. तुकडा कमी पडला की भाव चांगला मिळतो. मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर फोडणी यंत्र मिळतं, वनधन केंद्राशी जोडलेल्या गटांनी तिथे चौकशी करावी. फोडलेली चारोळी उघड्यावर ठेवू नका, तेलामुळे लवकर खवट होते. बी मात्र कवचात सुरक्षित असते, म्हणून सगळा माल एकदम फोडायचा नाही, मागणी येईल तसा फोडायचा. सणांच्या आधी भाव चढतो, तोवर बी थांबू शकते.

ज्या गटांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी पन्नास पिशव्यांपासून करावी, त्याहून जास्त नको. आत्ता मोहोर आहे, तेव्हा येत्या आठवड्यात रानात जाताना चिंध्या सोबत न्या आणि चांगली झाडं बांधून ठेवा. ग्रामसभेचा विषय पुढच्या अजेंड्यात घालायचा असेल तर ग्रामसेवकाकडे अर्ज आधी द्यावा लागतो. अर्जावर सगळ्या गटांच्या अध्यक्षांच्या सह्या घ्या.